घरीं ठेवावयाचा कागद

डोंगरांतील पायीं प्रवासाचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारांत ज्या वाटेनें वर जावयाचें त्याच वाटेनें खालीं यावयाचें असतें. चढतांना दिसलेला वाकडा उंबर, कातळांत खोदलेली पायरी, पाण्याचें टाकें हीं सारीं उतरतांना पुनः भेटतात आणि ओळखीच्या माणसांसारखा धीर देतात. दुसऱ्या प्रकारांत एका गांवाहून निघून दुसऱ्याच गांवीं पोहोंचावयाचें असतें. तेथें मागें टाकलेली वाट मागेंच राहते. अर्धें अंतर ओलांडल्यावर तर परत फिरणें हें पुढें जाण्याहून दूरचें होऊन बसतें. म्हणून पहिल्या प्रकारांत परतीची वाट जें काम करते, तें दुसऱ्या प्रकारांत बेतानें करावें लागतें. बेत चांगला असला म्हणजे मनुष्य अनोळखी मुलुखांतही निश्चिंतपणें चालतो. तो वाईट असला तर मजबूत पायांचा उपयोग भलत्याच ठिकाणीं लवकर पोहोंचण्यापलीकडे होत नाहीं.

महाराष्ट्रास हा दुसरा प्रकार नवा नाहीं. आळंदीहून निघालेली पालखी सुमारें अडीचशें किलोमीटर चालून आषाढी एकादशीसाठीं पंढरपुरास पोहोंचते. कोणत्या दिवशीं कोणता मुक्काम, हें ती निघण्यापूर्वींच सर्वांस ठाऊक असतें. त्या कोष्टकाचा उपयोग वारकऱ्यांस होतोच. परंतु आम्हांस नेहमीं असें वाटत आलें आहे कीं, त्याचा त्याहूनही मोठा उपयोग गांवांत मागें राहिलेल्या माणसांस होतो. शेतांत खुरपणारी सून बोटांवर दिवस मोजून सांगते, ‘आज मामंजी वाल्ह्याला असतील.’ तिनें वाल्हें पाहिलेलें नसतें, पण म्हातारा सासरा तिच्या मनांत हरवलेला नसतो. हें समाधान लहान नव्हे.

हें सर्व सुचण्याचें कारण असें कीं, येत्या हिवाळ्यांत आम्ही कांहीं स्नेही राजगडावरून तोरण्यावर आणि तोरण्यावरून रायगडावर पायीं जाण्याचा विचार करीत आहों. ह्या वाटेचें महत्त्व मराठी वाचकांस विस्तारानें सांगावयास नको. राजगड ही शिवाजीमहाराजांची आधींची राजधानी, आणि रायगड ही नंतरची. १६७४ सालचा राज्याभिषेक तेथेंच झाला. ह्या दोहोंच्या मध्यें चौदाशें मीटरांहून किंचित् अधिक उंचीचा तोरणा उभा आहे. युनेस्कोनें २०२५ सालीं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें, त्यांत राजगड आणि रायगड हे दोन्ही आहेत. तथापि चालणाऱ्याच्या दृष्टीनें पाहिलें असतां तीन गडांपेक्षां त्यांना जोडणारी डोंगराची धार हीच खरी पाहण्याजोगी वस्तु आहे. गडाच्या पायथ्याशीं मोटार जाते. धारेवर पायांशिवाय कोणी नेत नाहीं.

आमच्यांपैकीं प्रत्येकानें हे तिन्ही गड स्वतंत्रपणें अनेकदां पाहिले आहेत. सह्याद्रींत वीस-बावीस वर्षें हिंडलेलीं हीं माणसें. अशांच्या बेतास एखाद्या पाकिटाची पाठकोरी बाजूही पुरते, असा सर्वसाधारण समज आहे. एके सायंकाळीं नकाशा पसरून आमचें बोलणें चाललें असतां चहाचे पेले ठेवतां ठेवतां आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलें, “अहो, सगळें ठरलं असेल तर मला एवढंच सांगून ठेवा. कितव्या दिवशीं, किती वाजल्यापासून काळजी करायची?”

मंडळी हंसली. त्या हंसल्या नाहींत. “तुम्ही नुसतं ‘रविवारीं येतों’ म्हणतां,” त्या म्हणाल्या, “पण रविवार फार मोठा असतो. सकाळचे सात हाही रविवारच, आणि रात्रींचे अकरा हाही रविवारच.”

ह्या प्रश्नाचें उत्तर सोपें असेल असें प्रथम वाटलें. परंतु काळजीची वेळ सांगावयाची तर कोणत्या तासास आपण कोठें असूं हें सांगतां आलें पाहिजे. तें सांगावयाचें तर आपण किती वेगानें चालतों हें ठाऊक पाहिजे. आणि उशीर झाला तर तो कोठें झाला, कां झाला, तेथून बाहेर कसें पडतां येईल, ह्याचाही विचार झालेला पाहिजे. एका गृहिणीच्या प्रश्नासाठीं सारा बेत पहिल्यापासून मांडावा लागला. तो कसा मांडला हें येथें सांगितल्यास अशा प्रवासाची आवड असणाऱ्या वाचकांस उपयोग होईल.

आरंभ उजेडापासून करावा. मार्गशीर्ष-पौषांत पुण्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे हातीं अकरा तास. त्यांतील नऊच खर्चावयाचे आणि दोन गंगाजळींत ठेवावयाचे, असें आम्हीं ठरविलें. चुकलेली वाट, मुरगळलेला पाय, तुटलेला बंद ह्यांचा खर्च त्या दोन तासांतून भागतो. आतां नऊ तासांत किती चालून होईल? ह्याचें गणित नेस्मिथ नांवाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानें १८९२ सालीं मांडून ठेवलें आहे. सपाटीवर तीन मैलांस एक तास, आणि शिवाय दर दोन हजार फूट चढास आणखी एक तास. मेट्रिक मापांत हेंच पांच किलोमीटरांस एक तास व सहाशें मीटर चढास एक तास, असें सांगतात. पण हा हिशेब थंड हवेंतील धडधाकट माणसाचा आहे आणि त्यांत विश्रांति धरलेली नाहीं. आपल्याकडचें ऊन, पाठीवरचें पाणी आणि पायांखालचा घसारा लक्षांत घेतां तो निदान दीडपट करावा लागतो. गुंजवण्याहून राजगडाचा चढ सुमारें सहाशें मीटरांचा. नेस्मिथच्या नियमानें हें काम दोन तासांच्या आंतलें. आमच्या कागदावर तें तीन तासांचें आहे. उताराविषयीं तर हा मूळचा नियम कांहींच बोलत नाहीं. धोंड्यांनीं भरलेल्या नाळेंतून उतरावयास चढण्याहून कमी वेळ लागतो असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं नाळ पाहिलेली नसावी.

उजेडानंतर पाणी. गडावर टाकीं आहेत, राजगडावर पद्मावती तलाव आहे, रायगडावर गंगासागर आहे. आपल्या पूर्वजांनीं गड बांधण्याआधीं पाण्याचा विचार केला होता. धारेवर मात्र कोणीं टाकीं खोदलीं नाहींत, कारण तेथें कोणास राहावयाचें नव्हतें. राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरून तोरण्यावर चढेपर्यंत, आणि पुढें तोरण्याहून पश्चिमेकडे मोहरीच्या पठारापर्यंत, आपल्या पाठीवर जें पाणी असेल तेंच आपलें, असें धरून चालावें. माणशीं चार लिटर पाणी म्हणजे चार किलो ओझें. तें टाळण्यासाठीं कोणी अंथरूण हलकें करतो, कोणी शिध्यांतून डाळ काढून टाकतो; पाणी कमी करण्याचा विचार मात्र सकाळच्या गारव्यांत सुचतो आणि दुपारीं एक वाजतां महाग पडतो. टाक्यांतील पाणी गाळून आणि उकळूनच प्यावें, हें अनुभवी मंडळींस पुनः सांगण्याची गरज नसावी.

ऋतूचाही विचार आहे. पावसाळा संपतांच निघावें तर धारेवरचें गवत कमरेइतकें वाढलेलें असतें, आणि मळलेली वाट कोणती व ढोरवाट कोणती हें त्याच्या खालीं कळत नाहीं. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या नकाशावर उंचीच्या रेषा असतात, गवताच्या नसतात. माघाच्या पुढें जावें तर गवत वाळून वणव्यांचें भय, आणि कोंकणांत उतरल्यावर ऊन असह्य. मधले दोन-अडीच महिने तेवढे आपले. त्यांतही कड्यांना लोंबणारीं आग्या मोहोळें असतातच. त्यांच्या आसपास धूर करूं नये, अत्तरें लावून जाऊं नये आणि आरडाओरडा करूं नये, एवढें पथ्य पाळल्यास माशा सहसा आपल्या वाटेस जात नाहींत.

परंतु ह्या सर्वांहून महत्त्वाचें प्रकरण म्हणजे सुटकेच्या वाटा. एका टोकाहून दुसऱ्या टोकास जाणाऱ्या प्रवासांत ‘आतां पुरे’ असें म्हणण्याचीं ठिकाणें फार थोडीं असतात, आणि तीं आपल्या सोयीप्रमाणें येत नाहींत. आमच्या वाटेवर पहिलें ठिकाण राजगड आणि तोरणा ह्यांच्या मधली खिंड. तेथें डांबरी रस्ता धार ओलांडून जातो. दुसरें ठिकाण तोरणा. तेथून वेल्ह्यास उतरणारी वाट मळलेली आहे. त्यापुढें पश्चिमेच्या धारेवर मात्र लांबपर्यंत सोय नाहीं. खोऱ्यांतील गांवें दिसत राहतात, रात्रीं तेथले दिवेही दिसतात. परंतु दिसणें आणि उतरतां येणें ह्यांच्या मध्यें कडा उभा असतो. तिसरें ठिकाण मोहरी. तेथें मोटार पोहोंचूं शकते. मोहरीच्या पुढें सह्याद्रि एकदम तुटतो, आणि नाळेनें कोंकणांत उतरावें लागतें. नाळेच्या मध्यावर कोणताही निर्णय घेतां येत नाहीं. तेथें केवळ वर किंवा खालीं एवढाच पर्याय असतो.

म्हणून आमच्या कागदावर मोहरीच्या नांवाखालीं दोन रेघा आहेत. तेथें तिसऱ्या दिवशीं सकाळीं प्रत्येकाच्या गुडघ्यांची चौकशी व्हावयाची, आणि एकाचेही पाय कुरकुरत असतील तर सर्वांनीं मोटारीनें परतावयाचें, हें घरीं बसून ठरविलेलें आहे. घरीं ठरविण्याचें कारण उघड आहे. डोंगरावर मनुष्याचा अभिमान त्याच्याहून चार पावलें पुढें चालत असतो, आणि लिंगाण्याचा सुळका डोळ्यांसमोर उभा असतां ‘मला झेपणार नाहीं’ असें म्हणण्याचें धैर्य फार थोड्यांच्या अंगीं असतें. नाळेच्या निवडीसही हाच नियम लावला. लिंगाण्याच्या शेजारून उतरणारी बोराट्याची नाळ अधिक देखणी आणि अधिक अवघड; सिंगापूरची नाळ त्या मानानें सोपी. आमच्यांपैकीं तिघांस पहिली हवी होती. कागदावर दुसरी आहे.

अनुभवी माणसांस एवढा बंदोबस्त कशाला, असें कोणी विचारील. आमचें म्हणणें असें कीं, त्यांनाच तो अधिक हवा. नवखा मनुष्य भितो, आणि भीति त्याचें काम करते. अनुभवी माणसाच्या जमाखर्चांत जमेचीच बाजू मोठी असते, कारण आजवरच्या सर्व प्रवासांतून तो परत आलेला असतो. वीस वर्षांपूर्वीं राजगड-तोरणा सहा तासांत केला हें त्यास आठवतें. त्या सहा तासांना वीस वर्षें झालीं हें आठवत नाहीं. अनुभव हा वाटेवर उत्तम सोबती आहे, परंतु बेत आंखतांना त्याच्या हातीं पेन्सिल देऊं नये. वेळेचें कोष्टक चमूंतील सर्वांत हळू चालणाऱ्याच्या आजच्या पावलानें लिहावें, दुसऱ्या कोणाच्याही आठवणीनें लिहूं नये.

हा नियम लिहावयास सोपा होता. लागू करावयास फार जड गेला. आमच्यांतील सर्वांत ज्येष्ठ स्नेही, ज्यांनीं आम्हां सर्वांस डोंगरांत प्रथम नेलें, त्यांच्या गुडघ्यावर दोन वर्षांपूर्वीं शस्त्रक्रिया झाली आहे. चढ त्यांस अजून जमतो. उताराविषयीं डॉक्टरांनीं बजावलें आहे. ह्या प्रवासाची कल्पना मूळ त्यांचीच. ‘तुम्ही येऊं नका’ असें त्यांस कोणीं सांगावें? कोणींच सांगितलें नाहीं. नकाशा पुढें होता, पट्टी होती, आणि सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पावलानें हिशेब करण्याचा नियम ठरलेला होता. त्यांनीं स्वतःच पेन्सिल घेतली. दुसऱ्या दिवसाचा, म्हणजे तोरणा ते मोहरीचा, टप्पा त्यांनीं आपल्या चालीनें मोजला. बेरीज बारा तासांच्या वर गेली. त्यांनीं ती दोनदां तपासली. मग समासांत ‘उजेड अकरा’ असें लिहून पेन्सिल खालीं ठेवली.

बराच वेळ कोणी बोललें नाहीं. शेवटीं त्यांनींच विचारलें, “हा कागद घरीं कोणाजवळ ठेवणार आहांत?”

घरोघरीं एकेक प्रत राहील, असें आम्हीं सांगितलें.

“प्रत ठेवा, पण पाहणारा एकच असूं द्या,” ते म्हणाले. “ज्याला वाट ठाऊक नाहीं तो एकतर फार लवकर घाबरेल, नाहींतर फार उशिरा. नाळेंत दोन तास जास्त लागले म्हणजे काय झालं असेल, आणि चार तास लागले म्हणजे काय झालं असेल, हें मला कळतं. तेव्हां तो कागद माझ्याकडे द्या.”

त्या दिवसापासून हा बेत त्यांचा झाला. आम्हीं केलेल्या कोष्टकांत दोनच रकाने होते: ठिकाण आणि पोहोंचण्याची वेळ. त्यांनीं आणखी दोन घातले: काळजीची वेळ, आणि तेव्हां काय करावें. पोहोंचण्याची वेळ आणि काळजीची वेळ ह्यांत त्यांनीं सर्वत्र सारखें अंतर ठेवलें नाहीं. राजगड-तोरण्याच्या टप्प्यास त्यांनीं दोनच तास सूट दिली, कारण तेथें खिंडींत रस्ता आहे, उशीर झाल्यास निरोप देतां येतो. मोहरीच्या टप्प्यास तीन तास दिले. “धारेवर फोन लागेल न लागेल. नाहीं लागला म्हणजे संकट आलं असं नव्हे. पण नाळ उतरून पहिल्या गांवांत पोहोंचलांत कीं दुसऱ्याच्या फोनवरून कां होईना, निरोप आलाच पाहिजे.” उपग्रहामार्फत बोलणारीं यंत्रें आपल्या देशांत परवान्यावांचून वापरतां येत नाहींत, तेव्हां अशा मुलुखांत मौनाचा अर्थ आधींच ठरवून ठेवणें हाच उपाय उरतो. शेवटच्या रकान्यांत क्रम लिहिला आहे: प्रथम मुक्कामाच्या गांवीं चौकशी, नंतर ११२ ह्या क्रमांकावर वर्दी, आणि त्याबरोबरच गिर्यारोहकांच्या स्वयंसेवी बचावपथकास निरोप, सोबत आम्ही शेवटचे कोठें होतों आणि कोणत्या वाटेनें निघणार होतों, ही माहिती. शोधणाऱ्यांस सारा सह्याद्रि धुंडाळावा न लागतां एक धार आणि एक नाळ पाहावी लागावी, एवढा ह्या माहितीचा उपयोग.

लहानसहान गोष्टीही त्यांच्या नजरेंतून सुटल्या नाहींत. गडांवर मुक्कामास परवानगी आहे किंवा नाहीं हें निघण्याच्या आठवड्यांत पुनः विचारून घ्यावें, कारण नियम बदलतात. मोटार गुंजवण्यास ठेवूं नये. आपण पोहोंचणार रायगडाखालीं, आणि मोटार सह्याद्रीच्या पलीकडे तशीच उभी राहणार. जातांना एस. टी. आणि येतांना महाडहून एस. टी., हेंच बरें. वाघेरीकडून रायगडाच्या पायथ्याशीं येईपर्यंत चौथ्या दिवसाची दुपार होईल. तेव्हां गडाच्या चौदाशेंहून अधिक पायऱ्या चढण्याचें त्राण ज्याच्या अंगीं उरलेलें नसेल, त्यानें निःसंकोचपणें रज्जुमार्गानें वर जावें. हा रज्जुमार्ग १९९६ सालापासून चालू आहे, आणि त्यांतून गेल्यानें आधींचे तीन दिवस खोटे ठरत नाहींत.

ह्या शेवटच्या वाक्यावर आमच्यांतील एका तरुण गृहस्थानें थोडी कुरकुर केली. त्यावर ज्येष्ठ स्नेह्यांनीं शांतपणें सांगितलें, “मी तसाच येणार आहें.”

चौथ्या दिवशीं घरची मंडळी घेऊन ते रज्जुमार्गानें गडावर यावयाचे आहेत. सौभाग्यवतींनींही येण्याचें ठरविलें आहे. काळजीची वेळ कोणती, हें त्यांस आतां दिवसनिहाय आणि तासनिहाय ठाऊक आहे. त्यापूर्वीं काळजी करावयाची नाहीं असें त्यांनीं कबूल केलें आहे, आणि तें पाळलें जाईल अशी आम्हांस आशा नाहीं. तरीपण तिला आतां एक सीमा आहे. पालखीबरोबर गेलेल्या सासऱ्याचा मुक्काम बोटांवर मोजणाऱ्या त्या सुनेइतकें तरी स्वास्थ्य आमच्या घरांस लाभावें, एवढ्यासाठींच हा खटाटोप.

कागदाच्या शेवटीं ज्येष्ठ स्नेह्यांनीं आपल्या अक्षरांत एक ओळ लिहिली आहे: ‘रायगडीं भेट झाल्यावर हा कागद फाडून टाकावा.’